आईचा गुडघा, ओटीची (ऑपरेशन थिएटरची) भीती आणि संमोहन : कुणाला अनुभव? (सोलापूर)

पद्मजा_सो

नमस्कार मंडळी. मी इथं बहुतेक वाचनमात्र असते, पण आता विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

आई ६८ वर्षांची. सगळं आयुष्य मांडी घालून विड्या वळण्यात गेलं, आता दोन्ही गुडघे गेलेत. उजव्यात हाडाला हाड घासतंय, रात्री कूस बदलली तरी ओरडते. गोळ्या, इंजेक्शनं, तेलं, पट्टे, सगळं करून झालं. डॉक्टरांनी उजवा आधी बदलायचा ठरवला. शुगर ताब्यात, हृदयाचा टूडी इको चांगला, फिटनेस मिळाला, तारीख मिळाली. आणि त्या दिवशी ओटीच्या दारात बीपी इतका चढला की भूलतज्ज्ञांनी स्ट्रेचर परत फिरवलं. संध्याकाळी घरी चहा पिताना मोजला तर नॉर्मल!

भीती नेमकी कशाची ते खोदून खोदून विचारलं. एक, पाठीत सुई. दोन, कमरेखालीच भूल म्हणजे आपण जाग्या. हाड कापल्याचा, ठोकल्याचा आवाज कानावर येणार. ही माहिती आमच्या गल्लीतल्या एका अक्कांनी पुरवली. त्यांच्या मते आत "सुतारकाम चालल्यागत" वाटतं. तेव्हापासून आईचं एकच, पांगळी राहीन पण आत जाणार नाही.

भाऊ पुण्याला असतो. तो म्हणतो संमोहनाने भीती जाते आणि नंतरचं दुखणंही कमी होतं. इकडे एका चौकात भलामोठा फ्लेक्स लागलाय, 'संमोहनाने एका बैठकीत वेदनामुक्ती'. माझे प्रश्न असे: खरंच उपयोग असतो का? भुलीच्या ऐवजी करतात की भुलीबरोबर? कुणी करायचं असतं? आणि आमच्या घरात तेलुगू बोलतात. आईला मराठी येतं, पण देवाशी आणि माझ्याशी ती भांडते तेलुगूतच. मराठीतलं संमोहन तिला लागू पडेल का? सोलापुरातली नावं माहीत असतील तर इथं नको, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

कडकभाकरी

संमोहन म्हटलं की मला गड्ड्याच्या जत्रेतला तंबू आठवतो. स्टेजवर पोराला बोलवून कांदा सफरचंद म्हणून खायला लावायचे, आणि पोरगं पण खायचं बे! आमच्या मामाच्या पोरानं खाल्लेला. नंतर म्हणाला, मला सगळं कळायलं होतं, पण एवढ्या लोकांपुढं त्या माणसाची फजिती कशी करायची म्हणून खाल्ला.

असो. आईंना शुभेच्छा. आणि त्या अक्कांना ऑपरेशन होईपर्यंत उंबऱ्याच्या आत घेऊ नका.

तर्कट

ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्या फ्लेक्सवरच आहे. चमत्कारी उपायांच्या जाहिरातींविरुद्ध या देशात १९५४ पासून कायदा आहे, तरी चौकाचौकात हे लागतात. ऑपरेशनला घाबरलेला माणूस म्हणजे सगळ्यात सोपं गिऱ्हाईक. भुलीच्या ऐवजी करतो म्हणणारा कुणी भेटला तर चपला हातात घेऊन पळा.

भीतीसाठी गोळी असते, ती भूलतज्ज्ञ देतात. सोपी गोष्ट अवघड कशाला करायची?

भूलवैद्य

मी सोलापुरातच भूल देतो, म्हणून लिहितोय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी बीपीचं. ऑपरेशन थांबवलं ते योग्यच केलं. गुडघा काही पळून जात नाही. एवढ्या चढलेल्या बीपीवर पाठीतली भूल दिली की बीपी धाडकन खाली येतो, आणि वयस्कर हृदयाला ती चढउतार झेपेलच असं नाही. तर्कट म्हणतात तशी गोळी किंवा सलाइनमधून गुंगीचं औषध देता येतं, आम्ही देतोही. पण या वयात ते जास्त झालं तर श्वास मंदावतो, ऑपरेशननंतर माणूस बरळतो, रात्री उठून सलाइन ओढतो. जेवढ्या कमी औषधात भागेल तेवढं बरं. संमोहनात मला रस आहे तो एवढ्यासाठीच.

भुलीच्या ऐवजी? गुडघा बदलताना प्रश्नच नाही. बेल्जियममध्ये लीज या गावी १९९२ पासून संमोहनाच्या जोडीने थायरॉइडसारखी हजारो ऑपरेशनं झाली आहेत, पूर्ण भूल न देता. पण तिथंही जागा बधिर करायचं इंजेक्शन आणि शिरेतून थोडं औषध असतंच. नुसत्या शब्दांवर कुणी सुरी चालवत नाही.

भुलीबरोबर मात्र चांगला आधार आहे. २००० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. रक्तवाहिन्या आणि किडनीवरच्या प्रक्रिया, जागेपणी करायच्या, २४१ रुग्ण. ज्यांना टेबलावरच स्वतःला शांत करण्याचं तंत्र शिकवलं, त्यांना औषध कमी लागलं, बीपी-नाडीची गडबड क्वचित झाली, आणि प्रक्रिया सरासरी ६१ मिनिटांत उरकली. नेहमीच्या पद्धतीने ७८ मिनिटं लागत होती. घाबरलेला माणूस हलतो, त्याला थांबून समजवावं लागतं, औषध वाढवावं लागतं. वेळ जातो तो असा. २००७ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनआधी १५ मिनिटं संमोहन करून पाहिलं, २०० बायका होत्या. भुलीचं औषध कमी लागलं, नंतरचं दुखणं आणि मळमळही कमी.

आता तुमच्या आईच्या पहिल्या भीतीबद्दल, म्हणजे पाठीतली सुई. मोठ्या सुईआधी कातडी बधिर करायला एक बारीक इंजेक्शन देतो. २०१० मध्ये बाळंतपणाला आलेल्या १४० बायकांवर एक साधा प्रयोग झाला. निम्म्यांना त्या इंजेक्शनआधी सांगितलं, "आता मोठी मधमाशी चावल्यासारखं होईल, हाच सगळ्यात वाईट भाग आहे." बाकीच्यांना सांगितलं, "जागा बधिर करायचं औषध देतोय, म्हणजे पुढं तुम्हाला त्रास होणार नाही." सुई तीच, औषध तेच. पहिल्या गटाने दुखण्याला दहापैकी पाच गुण दिले, दुसऱ्याने तीन. यात संमोहन नाहीच, नुसती जीभ सांभाळलीय. आमच्या ओटीत 'मुंगी चावेल हं' हे वाक्य बंद आहे.

तर्कट

भूलवैद्य, माहितीबद्दल आभार. पण किडनी, स्तन, बाळंतपण... धागा गुडघ्याचा आहे. गुडघ्याचं दाखवा.

आणि 'दुखणं कमी' म्हणजे काय? खरंच कमी, की समोरच्याला बरं वाटावं म्हणून कमी सांगतात? वर मामाच्या मुलाने कांदा खाल्लाच की.

कडकभाकरी

माझा कांदा पुराव्याला धरला! 🙏

भूलवैद्य

कांद्याचा मुद्दा रास्त आहे, शास्त्रज्ञांनाही तीच शंका होती. १९९७ मध्ये कॅनडात मॉन्ट्रियलला रेनविल आणि सहकाऱ्यांनी लोकांचे हात ४७ अंशांच्या पाण्यात बुडवून मेंदूचं स्कॅन घेतलं. संमोहनात एकदा सूचना दिली की हे फार त्रासदायक आहे, एकदा दिली की विशेष त्रास नाही. पाणी तेवढंच गरम. 'कुठं, किती गरम' हे नोंदवणारा मेंदूचा भाग दोन्ही वेळा सारखाच काम करत होता. 'हे किती असह्य आहे' याच्याशी निगडित जो भाग आहे, त्याचं काम मात्र सूचनेप्रमाणे कमीजास्त झालं. म्हणजे तोंडदेखलं उत्तर नव्हतं. दुखण्याची नोंद राहिली, त्याचा जाच बदलला.

गुडघ्याचं म्हणाल तर अमेरिकेत युटाला झालेला अभ्यास २०२१ मध्ये 'पेन' या नियतकालिकात आला. गुडघा किंवा खुबा बदलायला आलेले २८५ रुग्ण. ऑपरेशनआधीच्या माहितीसत्रात एकदाच, १५ मिनिटं, काहींना संमोहनाच्या सूचना, काहींना श्वासावर लक्ष ठेवायला शिकवलं, बाकीच्यांना दुखण्याबद्दल नुसती समजावणी. संमोहन आणि श्वास, दोन्ही गटांत त्याच वेळी दुखणं उतरलं, भीती उतरली, गोळी घ्यावीशी वाटणंही कमी झालं.

तुम्ही विचारायच्या आधीच सांगतो: सहा आठवड्यांनी कुणाची चालफेर चांगली हे पाहिलं, तेव्हा पुढे होता श्वासाचा गट. संमोहनाचा नव्हे.

तर्कट

मग श्वासच बघा की! फुकट, घरच्या घरी, कुठल्याही बाबाशिवाय. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

इतिहासवेडा

या विषयात आपल्या देशाचा वाटा मोठा आहे, तो कुणी काढलाच नाही म्हणून. जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत बंगालमध्ये हुगळीला होता. १८४५ मध्ये त्याने तिथल्या तुरुंगातल्या एका कैद्यावर 'मेस्मेरिझम' (संमोहनाचा जुना अवतार) वापरून अंडवृद्धीची शस्त्रक्रिया केली. मग हत्तीरोगाच्या प्रचंड गाठी काढल्या. १८४६ मध्ये सरकारने समिती नेमली आणि कलकत्त्यात त्याला प्रयोगापुरतं रुग्णालय दिलं. रुग्णावरून तासन्‌तास हात फिरवायचं कंटाळवाणं काम साहेब करत नसे, ते त्याने शिकवलेले देशी मदतनीस करत!

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बोस्टनला इथरचं जाहीर प्रात्यक्षिक झालं, १८४७ मध्ये क्लोरोफॉर्म आलं. मिनिटांत गुंगवणारी बाटली मिळाल्यावर तासन्‌तास हात कोण फिरवणार? समितीने हेही नोंदवलं होतं की काही रुग्ण शस्त्रक्रियेत तळमळताना दिसले, उठल्यावर मात्र काही आठवत नाही म्हणाले. तेव्हा तर्कटांची शंका पावणेदोनशे वर्षं जुनी आहे.

कडकभाकरी

गुडघा निघाला सोलापूरहून, पोचला हुगळीला. चालू द्या, माहिती भारी आहे.

उजनीकाठ

आमच्या वडिलांचं सांगतो, नाव कुणाचंच घेणार नाही. गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. घरी आल्यावर दुखायलंय म्हणून एका ओळखीच्यानं संमोहनवाल्याकडं नेलं. पाटीवर 'डॉ.' होतं, कशाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्यांदाच सगळ्या बैठकांचे पैसे एकदम भरून घेतले. दुसऱ्या बैठकीत हा गुडघा मागच्या जन्मी लढाईत जायबंदी झालाय असं निघालं. आमचं घराणं माळी, लढाई कुठली काढली कुणास ठाऊक. त्याचंही हसू आलं असतं, पण त्यानं दुखायच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, 'गोळीनं मन दुबळं होतं' म्हणून. गोळी बंद, म्हणून व्यायाम करवेना, म्हणून गुडघा आखडला. सर्जननी नंतर कान उपटले ते आमचे. वडील अजून नीट खुर्चीवरून उठत नाहीत.

तर्कट

हेच. हेच म्हणत होतो.

सातरस्ता

माझे दोन्ही गुडघे बदललेत, मध्ये एक वर्षाचं अंतर. पहिल्याला काहीच तयारी नव्हती. आवाज ऐकला, घाबरलो, दात आवळून पडून राहिलो. दुसऱ्याच्या आधी मुलीने एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे नेलं. जावयांच्या भाषेत 'म्हातारा झोपवायला'. झोपबीप काही नसते. डोळे मिटून बसलो होतो, बाहेर रिक्षा वाजत होत्या त्याही ऐकू येत होत्या.

त्यांनी विचारलं, तुम्हाला गारवा कुठं आठवतो? सोलापूरच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे! मी म्हटलं, आजोळी मंगळवेढ्याला विहिरीजवळचा दगडी हौद, मे महिन्यात त्यात कोपरापर्यंत हात बुडवायचो. मग त्यांनी तोच हौद धरला. हात पाण्यात आहे, बोटं गार पडतायत, आता मनगट, आता जड झालं, बधिर झालं. खरंच हाताला मुंग्या आल्या. मग तो गार हात गुडघ्यावर ठेवायचा आणि गारवा गुडघ्यात उतरू द्यायचा. घरी मोबाइलवरचं त्यांचं ध्वनिमुद्रण रोज दुपारी ऐकायचो.

खरं सांगू, दुसऱ्या वेळीही दुखलं. फिजिओ गुडघा वाकवायला लागला की हौद वगैरे गायब! गोळ्याही घेतल्या. फरक पडला तो दोन ठिकाणी. ऑपरेशनच्या आदल्या रात्री झोप लागली. आणि नंतर रात्री दुखायला लागलं की पहिल्या खेपेला वाटायचं, 'काहीतरी बिघडलंय, हे असंच राहणार'. ते या खेपेला वाटलं नाही. दुखायचं, हात ठेवायचो, थोडं उतरायचं, डोळा लागायचा. पहिल्या खेपेला बायकोला रात्रभर जागवलं होतं. ती या फरकाची साक्षीदार आहे.

मनोरमा_२

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. सातरस्ता काकांनी जे सांगितलं ते आमच्या पुस्तकांपेक्षा नेमकं आहे.

आधी 'कुणी करायचं' हे. २००३ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने संमोहनोपचाराला उपचाराची एक पद्धत म्हणून मान्यता दिली, पण योग्य प्रशिक्षण घेतलेल्या माणसाने करावं या अटीवर. चार दिवसांचा कोर्स करून प्रमाणपत्र भिंतीवर लावलेले खूप आहेत. मी एकच कसोटी सांगेन: हा माणूस संमोहन येत नसतं तरी तुमच्या आईवर उपचार करायला पात्र असता का? म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ, पुनर्वास परिषदेकडे म्हणजे आरसीआयकडे नोंद असलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, भूलतज्ज्ञ किंवा तुमचे डॉक्टर. उत्तर 'नाही' आलं तर उठून या. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. गोळ्या बंद करा म्हणणारा, मागचा जन्म काढणारा, सर्जनशी बोलायला नको म्हणणारा, यांच्याबद्दल उजनीकाठ यांनी लिहिलंच आहे. त्यांच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. आखडलेल्या गुडघ्यासाठी सर्जनना पुन्हा दाखवा, 'आता काय होणार' म्हणून सोडू नका.

सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. थोडी माणसं पटकन खोल जातात, थोडी अजिबात नाही, बहुतेक मधली. भीती कमी करायला मधल्यांचंही भागतं. स्किझोफ्रेनियासारखा आजार असेल तर मी करत नाही. विस्मरण बरंच वाढलेलं असेल तर सूचना धरून ठेवता येत नाहीत.

भाषेबद्दल विचारलंत ते फार बरं झालं, सोलापुरात हा प्रश्न रोजचा आहे. मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू. बाहेर एक, चुलीपाशी दुसरी. समजून घ्यायला मराठी चालेल, पण गारवा, आराम, घर हे ज्या भाषेत पहिल्यांदा अनुभवलं त्या भाषेत सांगितलं तर मेहनत कमी लागते. मला तेलुगू येत नाही. अशा वेळी मी रुग्णाकडूनच शब्द घेते. मागे एका आजींनी हात बधिर होताना आपणहून 'चल्लगा, चल्लगा' (गार, गार) सुरू केलं, मग मीही तेच म्हणत राहिले. ध्वनिमुद्रण घरातल्या माणसाने तेलुगूत करावं, मजकूर आपण मिळून ठरवू.

'दुखणार नाही, घाबरू नकोस' असं मात्र कुणी म्हणू नये. दुखणार आहे हे आईंना माहीत आहे, तुम्ही खोटं बोललात की पुढचं सगळं खोटं ठरतं. आणि मन 'नाही' सोडून 'दुखणं' तेवढं उचलतं. त्यापेक्षा "पाय जड होईल, मग दूर गेल्यासारखा वाटेल, ते आपलं काम करतायत, तू तुझ्या जागी बसून राहा."

तर्कट, श्वासाबद्दल माझी अजिबात तक्रार नाही. बहुतेक संमोहन श्वासापासूनच सुरू होतं. ज्याला श्वासाने जमतं त्याला हौद कशाला? पण काही माणसांना, विशेषतः ज्यांची छाती आधीच धडधडतेय त्यांना, श्वासाकडे बघ म्हटलं की धडधडच जास्त जाणवते. त्यांना बाहेरचं काहीतरी द्यावं लागतं.

आणि एक. गुडघा बदललेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला बरेच महिने दुखत राहतं, ऑपरेशन व्यवस्थित होऊनही. ज्यांना आधीपासून 'माझं काही खरं नाही' असं वाटत असतं त्यांच्यात हे जास्त दिसतं. म्हणून आधीच्या भीतीवर काम करायचं. बीपीपुरतं नव्हे.

वाकवा_गुडघा

फिजिओथेरपिस्ट आहे, सातरस्ता काकांच्या शिव्या खाणाऱ्यांपैकी. 😄 दोन गोष्टी.

दुखण्याची गोळी व्यायामाआधी अर्धा-पाऊण तास घ्यायची, दुखायला लागल्यावर नव्हे. आणि ध्वनिमुद्रण ऐकायचं ते पलंगावर पडून. एक आजोबा कानात लावून, डोळे अर्धे मिटून वॉकरवर निघाले होते. धरलं म्हणून वाचले. चालताना डोळे उघडे, कान मोकळे. वाकवताना मात्र श्वास सोडत वाकवा, श्वास कोंडला की मांडीचा स्नायू आवळतो आणि दुप्पट दुखतं.

शिवाय सगळंच दुखणं घालवायचं नसतं. पोटरी एकदम सुजून दुखायला लागली, ताप आला, जखमेतून पाणी यायला लागलं, धाप लागली, तर डोळे मिटून हौद आठवत बसू नका. लगेच फोन करा.

पद्मजा_सो

सगळ्यांचे मनापासून आभार. व्यनित आलेल्या नावांपैकी एका मॅडमकडे नेलं. आरसीआय क्रमांक विचारला, त्यांनी हसून दाखवला. फ्लेक्सवाल्याला फोन केला होता, त्याने आधी विचारलं ते ऑपरेशनचं पॅकेज केवढ्याचं आहे.

आईची नवी भीती: गुंगीत घरातलं काही बोलून बसले तर? खोदून विचारल्यावर कळलं की भिशीचे पैसे कुठं ठेवलेत ते वहिनीला कळू द्यायचं नाहीये.

मनोरमा_२

आईंना सांगा, संमोहनात माणूस खोटंही बोलू शकतो आणि गप्पही बसू शकतो. भिशी सुरक्षित आहे.

पद्मजा_सो

धागा वर काढतेय. आईचा उजवा गुडघा झाला.

आधी बैठका झाल्या. आईने निवडलेली जागा ऐकून मी थक्क झाले. मला वाटलं सिद्धेश्वराचं तळं म्हणेल, रूपाभवानीचं देऊळ म्हणेल. ती म्हणाली, विडी कारखान्यात माल देऊन झाल्यावर बाहेरच्या कडुलिंबाखाली बायका बसायच्या ती जागा. पान खायचं, गप्पा, कुणी घाई करायचं नाही. ध्वनिमुद्रण मी तेलुगूत केलं, मॅडमनी वाक्य न् वाक्य घासून घेतलं. भावाने मागे पावसाचा आवाज घातला होता, तो आईने काढायला लावला. "लिंबाखाली पाऊस कशाला? गळतं की."

ओटीच्या दारात बीपी वाढलाच, पण मागच्यासारखा नाही. भूलतज्ज्ञ म्हणाले चालेल. त्यांनी आधीच भेटून सांगितलं होतं की आवाज येईल, कसला येईल, किती वेळ येईल. कानात ध्वनिमुद्रण, थोडं गुंगीचं औषध. ठोकल्याचा आवाज तिला आला. बाहेर आल्यावर म्हणाली, "चाललं होतं त्यांचं काहीतरी."

पण दुसरा दिवस वाईट गेला. ब्लॉक, म्हणजे पाय बधिर करायचं इंजेक्शन, उतरलं आणि ती किंचाळत होती. मी ध्वनिमुद्रण लावायला गेले तर मोबाइल भिरकावला. नर्सने इंजेक्शन दिलं, मग शांत झाली. तिसऱ्या दिवसापासून रात्री स्वतःच मागायला लागली. आता वॉकरवर मोरीपर्यंत जाते. डाव्या गुडघ्याचा विषय तिनेच काढला, यातच काय ते आलं.

सातरस्ता

वा! दुसरा दिवस सगळ्यांचाच तसा जातो. आईंना नमस्कार सांगा.

तर्कट

मनापासून आनंद झाला. तरी माझी सवय: एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही. या खेपेला भूलतज्ज्ञांनी आधी भेटून नीट वेळ दिला, मुलीने रात्र रात्र बसून आईचा आवडता कोपरा ऐकून घेतला. कदाचित गुण त्याचाच असेल आणि संमोहन नावाला असेल.

भूलवैद्य

असेलही. संमोहनातून ते वजा करून काय उरतं हे वेगळं काढणं अवघडच आहे. पण २०२० मध्ये 'बीएमजे' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मनीचा एक अभ्यास आला, तो तुम्हाला आवडेल. पूर्ण भूल दिलेले, बेशुद्ध असलेले ३८५ रुग्ण. निम्म्यांच्या कानात धीराच्या सूचनांचं ध्वनिमुद्रण, बाकीच्यांच्या कानात कोरी टेप. हेडफोन सगळ्यांनाच. कुणाला काय लावलंय हे ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरांना. तरी सूचनावाल्यांना नंतर दुखलं कमी, अफूवर्गातली औषधंही कमी लागली. तिथं मुलगीही नव्हती आणि लिंबाचं झाडही.

तर्कट

हा वाचतो. दुवा व्यनि करा.

अक्कलकोटकर

धागा उशिरा दिसला. वडील ७४, खुबा बदलायचाय, कन्नड बोलतात आणि कानाला यंत्र आहे. यंत्र काढलं की काहीच ऐकू येत नाही, आणि ओटीत सगळं काढून घेतात म्हणे. मग संमोहन, ध्वनिमुद्रण वगैरेचा उपयोग काय?

भूलवैद्य

पाठीतली भूल असेल तर कानयंत्र आम्ही सहसा राहू देतो, उलट आम्हालाच ते हवं असतं, नाहीतर बोलायचं कसं? कवळी, अंगठी, साखळी मात्र काढावी लागते. भरती होताना भूलतज्ज्ञांना स्वतः सांगा, केसपेपरवर लिहून घ्या आणि नव्या बॅटऱ्या घालून ठेवा. ज्या कुशीवर झोपवतील त्या कानातलं यंत्र दाबलं जाऊन शिट्टी मारतं, तेव्हा वरच्या कानातलं चालू ठेवा.

मनोरमा_२

आणि कन्नडमध्ये सूचना द्यायला घरातलंच कुणी शोधा, मजकुराचं मी बघते. व्यनि केलाय.